दिवसा इंग्रजी शिकवायची, रात्री हिंदीत लिहायचं: ही माणसं जगली कशी?

शाईचा डाग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेले चार महिने हरिवंशराय बच्चन यांचं चार खंडांचं आत्मचरित्र ओळीने वाचत होतो. परवा रात्री शेवटचा खंड मिटला आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा.

बच्चन म्हटलं की आपल्याला 'मधुशाला' आठवते आणि लगेच त्यांचा मुलगा. पण हा माणूस पेशाने इंग्रजीचा मास्तर होता. १९४१ पासून १९५२ पर्यंत अलाहाबाद विद्यापीठात इंग्रजी शिकवलं. मग चाळिशी उलटून गेल्यावर, बायको-पोरांना मागे ठेवून केंब्रिज गाठलं आणि आयरिश कवी यीट्सवर पीएच.डी. करून १९५४ साली परतले. पुढे शेक्सपिअरची 'मॅकबेथ', 'ऑथेल्लो', 'हॅम्लेट', 'किंग लिअर' अशी नाटकं हिंदीत आणली. म्हणजे आयुष्यभर एक पाय इंग्रजीत आणि एक हिंदीत.

आणि ते एकटेच नाहीत. त्याच विभागात फिराक गोरखपुरी इंग्रजी शिकवत होते आणि लिहीत होते उर्दूत. विजयदेव नारायण साही, हिंदीतले इतके मोठे कवी-समीक्षक, तेही अलाहाबादला इंग्रजीचेच. आग्र्याला रामविलास शर्मा. दिल्लीत भीष्म साहनी आणि कृष्ण बलदेव वैद. यादी संपतच नाही.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर जरूर भांडा. मला वाटतं, इंग्रजी ही नोकरीची भाषा झाली म्हणून यांची हिंदी वाचली. ज्या भाषेत हजेरी घ्यायची, पेपर काढायचे, विभागप्रमुखांशी वाद घालायचे, ती भाषा दिवसाअखेर थकते. आईची भाषा मात्र संध्याकाळपर्यंत ताजी राहते. तुमचा काय अनुभव?

---

कोरांटी

फार छान विषय. वाचतेय. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता मुलाची परीक्षा आहे.

---

तिसरी घंटा

शाईचा डाग, तुम्ही मनापासून लिहिलंय, पण मला हे पटत नाही.

मी एकोणतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि कथा लिहिल्या मराठीत. तुमच्या हिशोबाने माझी मराठी रोज संध्याकाळी टवटवीत असायला हवी होती. पण भाषा दोन असल्या तरी कान तेच असतात हो. एप्रिलमध्ये पेपरांचे गठ्ठे यायचे. गाईडमधलं एकच वाक्य, त्यातल्या त्याच चुकीसकट, चाळीस मुलांनी पाठ करून लिहिलेलं. ते चाळिसाव्यांदा वाचलं की कानाला कसलाच सूर लागेनासा व्हायचा. त्यानंतर मराठी वाक्यही कानावर यायचं ते लाकडासारखं. मे महिना उजाडल्याशिवाय मला एक ओळ सुचली नाही, आणि जूनला कॉलेज उघडायचं.

तेव्हा इंग्रजीने हिंदीला वाचवलं वगैरे म्हणू नका. नोकरीने पगार दिला, एवढंच. त्या पगारावर घर चाललं, हेही कमी नाही.

---

निंबोळी

मला दुसऱ्याच गोष्टीवर बोलायचंय. 'आईची भाषा' हा शब्द इथे जरा जपून वापरायला हवा.

कृष्ण बलदेव वैद यांचा जन्म १९२७ चा, आता पाकिस्तानात असलेल्या डिंगा गावातला. घरी पंजाबी, शाळेत उर्दू. मग फाळणी. भीष्म साहनी रावळपिंडीचे, घरी पंजाबीच, लाहोरला इंग्रजीत एम.ए. बच्चन तर अलाहाबादचेच, पण कायस्थ घरातला मुलगा म्हणून त्यांना आधी उर्दूचे धडे मिळाले. तेव्हा कचेरीची भाषा तीच होती.

म्हणजे या मंडळींना हिंदी पाळण्यात मिळाली नव्हती. साहनी आणि वैद यांच्यासाठी तर इंग्रजीही शिकलेली आणि पुस्तकी हिंदीही शिकलेलीच. तरी त्यांनी हिंदी निवडली. प्रश्न विचारायचा तर असा विचारा की दोन्ही भाषा परक्या अंगणातल्या असताना पाऊल हिंदीकडेच का वळलं? माझ्या मते वाचक तिथे होता म्हणून. फाळणीत घर गेलं, गाव गेलं, आणि ज्यांना ती गोष्ट सांगायची ती माणसं हिंदी वाचत होती.

---

वऱ्हाडी पाखरू

निंबोळी ताई, एकदम बरोबर बोललात. आणि यात आपल्या घरचे दोन गडी राहून गेले की!

१९४३ साली अज्ञेयांनी 'तार सप्तक' काढलं, सात कवींचं. आधुनिक हिंदी कवितेची चर्चा त्याच्याशिवाय पुढे सरकत नाही. त्या सातांत गजानन माधव मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे, दोघंही मराठी घरातले. मुक्तिबोधांचे सख्खे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत कवी. एकाच घरात दोन भाऊ, दोन भाषांत कविता! माचवे उज्जैनच्या माधव कॉलेजात शिकवायचे, नंतर साहित्य अकादमीत गेले, आणि हिंदी, मराठी, इंग्रजी तिन्हींत लिहीत राहिले. रामविलास शर्माही त्याच सातांतले बरं का.

आमच्या नागपुराकडं हे काही नवल नाही. घरात मराठी, गल्लीत हिंदी, साहेबापुढं इंग्रजी. पोरगं दुसरीत जाईस्तोवर तिन्ही बोलतं.

---

रिकामी खुर्ची

अवांतर होतंय, पण आपल्याकडेही इंग्रजीच्या मास्तरांची रांगच आहे. विंदा करंदीकर इंग्रजीचे. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीच शिकवायचे. भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे. विलास सारंग तर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत कथा लिहायचे. यावर वेगळा धागा काढा कोणीतरी, नाहीतर हा धागा इकडेच वाहत जाईल.

---

हळवा कोपरा

'मधुशाला'चा विषय निघालाच आहे तर आमच्या घरची गंमत. लग्नानंतर मी माझी पुस्तकं सासरी आणली. सासूबाईंनी 'मधुशाला' हे नाव वाचलं आणि ते पुस्तक देवघराशेजारच्या कपाटातून उचलून थेट माळ्यावर! मी काहीच बोलले नाही. एका रविवारी मन्ना डेंच्या आवाजातली कॅसेट लावली. सासूबाई गहू निवडत बसल्या होत्या. पहिली बाजू संपली, त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "उलटी कर गं." पुस्तक दुसऱ्या दिवशी माळ्यावरून खाली आलं.

---

कोरांटी

आले परत.

या यादीत सगळे पुरुषच दिसतायत. उषा प्रियंवदा कुठे आहेत? १९३० चा जन्म, कानपूरच्या. अलाहाबादला इंग्रजीत एम.ए. आणि पीएच.डी. दिल्लीत आणि अलाहाबादला इंग्रजी शिकवलं, पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. आणि कथा-कादंबऱ्या सगळ्या हिंदीत.

त्यांची 'वापसी' ही कथा मी बी.ए.ला असताना वाचली. रेल्वेतून निवृत्त होऊन घरी आलेले गजाधरबाबू. आयुष्यभर स्टेशनाच्या क्वार्टरमध्ये एकटे राहिले, आता म्हातारपणी घरच्यांत राहू म्हणून आले. पण घरात त्यांना जागाच नाही. त्यांची खाट आधी बैठकीत टाकली जाते, मग बायकोच्या खोलीत, लोणच्याच्या बरण्या आणि डब्यांच्या मधे. शेवटी ते दुसरी नोकरी धरून परत निघून जातात, आणि ते गेल्यावर बायको मुलाला सांगते की खाट बाहेर काढ, चालायला जागा होत नाही. संपली कथा. रडारड नाही, कोणी वाईटही नाही.

माझ्या वडिलांना निवृत्त होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. पुस्तक मिटून मी बाहेर आले तर बाबा दारातल्या खुर्चीवर बसलेले, येणारा-जाणारा प्रत्येकजण त्यांना म्हणत होता, "जरा सरका." मी त्या दिवशी खुर्ची खिडकीपाशी हलवली आणि शेजारी त्यांचा रेडिओ ठेवला.

तिसरी घंटा काका, तुमचा कान पेपरांनी थकायचा हे खरंच असेल. पण अशी कथा लिहिताना इंग्रजी वाचनाचा हात लागला असणारच असं मला वाटतं. इतकं कमी बोलून थांबणं कुठेतरी शिकावं लागतं.

आजच्या काळातलं नाव हवं असेल तर अनामिका. मूळच्या मुझफ्फरपूरच्या, दिल्लीच्या सत्यवती कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या. 'टोकरी में दिगंत' या संग्रहाला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

---

अवकाळी

सगळे भारावून लिहितायत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

इंग्रजीच्या खुर्चीवर बसून हिंदीत लिहिणं आणि हिंदीच्या खुर्चीवर बसून हिंदीत लिहिणं, यात समाजाने नेहमी फरक केला. इंग्रजीचा प्राध्यापक हिंदीत कविता करतो म्हटलं की लोक वळून बघतात, 'एवढी इंग्रजी येऊनही!' हिंदीचा प्राध्यापक कविता करतो म्हटलं की 'मग काय, कामच आहे त्याचं.' माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत हिंदी शिकवायची, तिच्या कवितांची वही घरातल्या घरातही कोणी उघडली नाही. या मोठ्या लेखकांचा यात दोष नाही, पण त्यांच्या नावाभोवतीचं जे वलय आहे ना, त्यातलं थोडं इंग्रजीने दिलेलं आहे. हे मान्य करू या.

---

निंबोळी

अवकाळी, आईंच्या वहीबद्दल वाचून वाईट वाटलं. त्या कविता इथे टाका ना, आम्ही वाचू.

वलयाबद्दल तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. फक्त रामविलास शर्मांना त्यात धरू नका. उन्नाव जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा, लखनौला इंग्रजीत पीएच.डी., १९४३ पासून १९७१ पर्यंत आग्र्याच्या बलवंत राजपूत कॉलेजात इंग्रजी. त्या माणसाने सगळं बळ कुठे लावलं? निराला यांच्यावर तीन खंड लिहिण्यात. ज्या कवीला लोक वेडा म्हणत होते, त्याच्याजवळ तो तरुणपणापासून बसला, त्याचं घर, कर्ज, मुलीचा मृत्यू, सगळं जवळून पाहिलं आणि मग लिहिलं. पुढे मोठमोठे पुरस्कार मिळाले तेव्हा सन्मान घेतला, पैसे साक्षरतेच्या कामाला द्या म्हणाले. इंग्रजीचं वलय मिरवणारा माणूस असं वागत नाही.

---

दोन तीर

मी अनुवाद करते, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. मला या चर्चेत एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. यातल्या दोघांनी स्वतःच्याच कादंबऱ्या इंग्रजीत नेल्या. भीष्म साहनींनी 'तमस', आणि वैदांनी 'उसका बचपन'.

वैदांच्या कादंबरीत बीरू नावाचा लहान मुलगा आहे. घरात गरिबी, आई-वडिलांची रोजची भांडणं, आजी, आणि हे सगळं एका कोपऱ्यातून बघणारा तो. हिंदी नाव सरळ, 'त्याचं बालपण'. इंग्रजीत त्यांनी नाव दिलं त्याचा अर्थ होतो 'अंधारातली पावलं'. दुसऱ्या कोणी अनुवादकाने एवढी मोकळीक घेतली असती तर लेखकानेच कान धरला असता. स्वतःचं पुस्तक नेताना लेखक पुन्हा एकदा लिहायला बसतो, अनुवाद म्हणतात ते नावापुरतं.

रोजच्या कामातलं एक उदाहरण देते. हिंदीत 'रूठना', आपल्याकडे 'रुसणं'. रुसलेलं माणूस आतून वाट बघत असतं, कोणीतरी येईल आणि समजूत काढेल. इंग्रजीत 'सल्क' लिहिलं की ते माणूस कुढं आणि हट्टी दिसायला लागतं, समजूत काढणारा गायबच होतो. गेल्या महिन्यात एका कथेत हा शब्द सात वेळा आला. चार ठिकाणी मी तो काढून टाकला आणि त्याऐवजी पात्राला दाराकडे पाठ करून बसवलं. तीन ठिकाणी अजून अडलेय.

हे काम ज्याने वर्षानुवर्षं केलं, त्याची हिंदी इंग्रजीपासून वेगळी काढून बघताच येणार नाही. शाईचा डाग, 'एक पाय इथे, एक तिथे' हे चित्र मला म्हणूनच खटकलं.

आणि हो, मुक्तिबोधांची 'अंधेरे में' ही लांब कविता इंग्रजीत कोणी नेली? वैदांनीच. मराठी घरातल्या माणसाची हिंदी कविता, पंजाबी घरातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकाने. वऱ्हाडी पाखरू, हे तुमच्यासाठी.

---

वऱ्हाडी पाखरू

वा! हे माहीतच नव्हतं. दिवस सार्थकी लागला.

---

उन्हाळी सुट्टी

मी सध्या तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतो, म्हणून आजचं चित्र सांगतो.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत संशोधनाच्या गुणांचा तक्ता आहे. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकाला १० गुण, आंतरराष्ट्रीय असेल तर १२. अख्खं पुस्तक अनुवाद केलं तर ८. दोन तीर यांनी 'रुसणं'साठी महिना घालवला, त्याला त्या तक्त्यात कुठे जागा आहे सांगा.

माझा हिंदी कथासंग्रह आला तेव्हा मी तो मुलाखतीला घेऊन गेलो. समितीतल्या एकांनी चाळला, छान आहे म्हणाले, आणि विचारलं की तुमचा विषय तर इंग्रजी, मग हे कुठल्या रकान्यात धरायचं? पुस्तक परत माझ्या हातात. सहा वर्षांच्या संध्याकाळी होत्या त्यात.

बच्चन, साही, साहनी यांच्या विभागांत कोणी रकाना विचारला नसेल असं नाही. पण नोकरी पक्की होती, घरी गेल्यावर डोकं मोकळं होतं. मला पुढच्या जूनमध्ये तास मिळतील की नाही हे माहीत नसताना हिंदी की इंग्रजी हा प्रश्नच फार लांबचा वाटतो.

---

तिसरी घंटा

उन्हाळी सुट्टी, तुमचा संग्रह मला हवा आहे. निरोपात पत्ता देतो, पैसे पाठवून मागवणार, भेट नको.

आणि धागाकर्त्यांना आता त्यांच्याच पुस्तकातून उत्तर देतो. तुम्ही चारही खंड वाचलेत, म्हणजे हे तुमच्या नजरेखालून गेलंच असणार. केंब्रिजहून परतल्यावर बच्चन फार दिवस इंग्रजी शिकवत राहिले नाहीत. १९५५ पासून पुढची दहा वर्षं ते परराष्ट्र मंत्रालयात हिंदीचे अधिकारी होते. सरकारी कागदपत्रं हिंदीत आणायची, रोज, फायलींवर. म्हणजे हिंदी हीच नोकरी झाली! तुमच्या म्हणण्याप्रमाणे तिथे त्यांची हिंदी थकायला हवी होती. उलट 'दो चट्टानें' हा संग्रह त्याच काळाच्या अखेरीस आला, त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि आत्मचरित्राचा पहिला खंड १९६९ चा. ज्या गद्यावर तुम्ही चार महिने लुब्ध होतात, ते फायलींवरून हात फिरल्यानंतरचं आहे.

---

शाईचा डाग

तिसरी घंटा काका, हात जोडले. हे मी वाचलं होतं, पण माझ्या मताच्या आड येत होतं म्हणून बहुधा नजर घसरली. शेवटचा खंड पुन्हा काढून बसलो. माझं मूळचं म्हणणं टिकत नाही, मागे घेतो.

पण मग प्रश्न तसाच राहतो ना? इंग्रजीने यांच्या हिंदीत नक्की काय केलं? कोरांटी म्हणतात कमी बोलून थांबायला शिकवलं, दोन तीर म्हणतात वेगळं काढताच येत नाही. असा माणूस लिहिताना कोणी जवळून पाहिलाय का?

---

जुनी वही

मी पाहिलाय. इतके दिवस नुसती वाचत होते, आता लिहितेच.

आम्ही मध्य प्रदेशातले मराठी. नर्मदेकाठच्या एका लहान गावात कॉलेज, तिथे आमचे सर इंग्रजी शिकवायचे. नाव देत नाही, त्यांचं एकही पुस्तक निघालं नाही आणि घरच्यांना आवडेल न आवडेल. तिसऱ्या वर्षाला 'किंग लिअर' होतं. वादळाचा प्रवेश शिकवत होते आणि पत्र्यावर पाऊस असा सुरू झाला की सरांचा आवाजच ऐकू येईना. सरांनी पुस्तक बाकावर पालथं ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाऊस थोडा ओसरल्यावर म्हाताऱ्या लिअरचं सगळं दुःख बुंदेलीत सांगितलं, त्यांच्या गावातला एखादा म्हातारा पोरींच्या नावाने ओरडावा तसं. माझ्या शेजारची मुलगी ओढणीने डोळे पुसत होती. परीक्षेत आम्ही दोघींनी त्या प्रश्नाचं उत्तर गाईडमधून लिहिलं नाही.

सर कविता करतात हे कॉलेजात फारसं कोणाला माहीत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी ते गेले. मॅडमनी मला बोलावून एक गठ्ठा दिला. सायक्लोस्टाईल केलेल्या इंग्रजीच्या नोट्स, आणि प्रत्येकीच्या पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीने हिंदी कविता. पेन कधीच नाही. मॅडम म्हणाल्या, पेनने ते पेपर तपासायचे.

आत्ता तुमचा प्रश्न वाचून गठ्ठा काढला. एका पानावर आईच्या चुलीवरची कविता आहे. आधी लिहिलंय 'राख'. ते खोडून वर 'भस्म'. मग 'भस्म'भोवती गोल, आणि समासात त्यांच्या त्या बारीक तिरक्या अक्षरात इंग्रजीत शेरा, अगदी आमच्या पेपरांवर मारायचे तसा: 'टू ग्रँड. शी वुडन्ट से इट.' आणि खाली पुन्हा 'राख', या वेळी जरा दाबून लिहिलेलं. कागदाला मागून हात लावला तर अजून ते अक्षर बोटाला लागतं.

---

दोन तीर

जुनी वही, काय बोलू.

एकच, कामाचं सांगते. पेन्सिल पुसट होत जाते आणि सायक्लोस्टाईलचा कागद ठिसूळ असतो. गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत असेल तर आजच बाहेर काढा, पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, नोट्सच्या बाजूचेही. समासातले शेरे कापले जाणार नाहीत इतकं बघा. उतरवून घ्यायला मदत हवी असेल तर मी आहे.

---

अवकाळी

मीही आहे. आईची वही शोधायला घेतलीये, तुमच्यासोबत तीही उतरवतो.